सख्खे टेकोडे, सावत्र टेकोडे

आखाड वद्य ५, सन १९३७

आज दोन वह्या भेटल्या. मास्तर म्हने, "एकीत पक्कं लिहा, दुसरीत कच्चं." म्या म्हटलं, माह्यं कच्चं काई नसते. म्हून ही दुसरी म्या माह्यासाठी ठेवली.

मास्तर म्हंजे गुलाबराव देशमुख. नागपूरच्या कॉलेजात शिकवते. अंगात कोट, पायात बूट, काखेत छत्री, आन् एवढा सजून मेडशीच्या जंगलात कायले आला तं टेकोडे पाहाले! पान्यापावसात वारुळावर वर येतेत ते टेकोडे. तो त्याले अळंबी म्हन्ते. पाटलानं त्याले सांगतलं का बाजारात टेकोडे तुळसाबाई इकते, आन् चौथी शिकली हाय, तिलेच इचारा. आला घरी. ललितानं, माह्या धाकट्या जावेनं, त्याले बसाले पाट देल्ला आन् दाराआड जाऊन तोंडात पदर कोंबला.

म्या इचारलं, "काहून वो मास्तर, कुत्र्याच्या छत्र्या मोजाचा पगार देते का सरकार?"

"मोजायच्या नाहीत बाई. त्यांच्या जाती लावायच्या आहेत."

"जाती? मानसायच्या लावून झाल्या वाटते साऱ्या."

हासला. दात चांगले हायेत त्याचे.

मंग त्यानं अंगनात नकाशा पसरला. मेडशीपासून जऊळक्याच्या टेसनापर्यंत, आन् तिकडं मानोऱ्याच्या डोंगरापर्यंत, कोनतं टेकोडं कुठी येते, कोनतं कोनाच्या नात्यातलं लागते, ते सारं ठिपके देऊन दाखवाचं. एका जातीले एक रंग. मंग पुस्तक छापाचं. आन् जो मदत करंल त्याचं नाव पुस्तकात.

हे त्यानं सहज म्हटलं. म्या सहज आयकलं नाई.

माह्यं नाव आजवर दोनदा कागदावर चढलं. एकदा शाळेच्या हजेरीत. दुसऱ्यांदा सात वर्सांमागं, मालक गेले तवा, पटवाऱ्यानं मळ्याच्या कागदावर लिवलं, आन् आठ दिवसानं उत्तमरावाच्या सांगन्यावरून त्याच शाईनं खोडलं. उत्तमराव माहा दीर, ललिताचा नवरा. मानूस वाईट नाई. वांग्यायले पानी देते तसं मले जेवन देते, येळेवर.

मास्तराकून नाव दोनदा वदवून घेतलं. तुळसाबाई किसन ताथोड. त्यानं त्याच्या डायरीत शिसानं लिवलंबी.

आखाड वद्य ८

भुरीबाईशिवाय जंगलात जाऊन काई फायदा नाई, हे मास्तराले पयलंच सांगतलं. भुरीबाई टेकडीमागच्या तांड्यावरची. मालक गेल्यावर म्या सरपनाच्या निमतानं जंगलात जाऊन रडत बसो, तवा हिनं मले पकडलं. म्हने, "रडाचं तं रड, पन हातानं काई वेच तरी." तवापासून टेकोड्याचं जे काई मले येते ते तिचं हाय.

तिचे कायदे हायेत. जंगलात टेकोड्याचं नाव घ्याचं नाई, पाव्हने म्हनाचं. बोट दाखवाचं नाई, हनुवटीनं दाखवाचं. बोट दाखवलं का त्या वारुळावर पुन्हा येत नाईत म्हन्तेत. मास्तर जाईन तथी छत्री रोखून दाखवे, "ते पाहा, ते पाहा!" आन् भुरीबाई मांगून येऊन छत्री खाली दाबे. चार बार झाल्यावर म्हने, "तुळसा, याची छत्री घरी बांधून ठेव वो, बैलावानी शिंग मारून राह्यला."

भुरीबाई कधीच टेकोडं वरून तोडत नाई. काडीनं भवताल खनते, हळूहळू, हातभर मुळी खाली वारुळात जाते तिथपर्यंत. मुळी गेली तं आपला. नाई गेली तं परका. बाकी रंगरूप पाहातच नाई ती.

घरी आल्यावर पक्क्या वहीत जाती लिवाच्या होत्या. मास्तरानं एक, दोन, तीन असे आकडे घातले. आकड्यानं कोनाची वळख राह्यते का? म्या नाती लावली. जाडजूड, डोक्यावर तपकिरी शेंबी, मुळी हातभर खोल, तो सख्खा थोरला. त्याची धाकटी बहीन इवलीशी पांढरी, एका सकाळी लाह्या फुटल्यावानी शेकड्यानं येते, तीबी सख्खीच, मुळी बारीक पन वारुळातच. सडक्या लाकडावरचे राखाडी चिवट ते चुलत. खाल्ले तं चालते, नाई खाल्ले तं कोनाचं अडत नाई. आन् एक सावत्र. दिसाले थेट थोरल्यावानी, पन गळ्यात कंठी असते आन् खाली मुळीच नाई. बरडावर, मुरमाड माळावर, गवतात येते. त्याले भुरीबाई पायानंबी शिवत नाई.

मास्तरानं वाचलं आन् मांडीवर थाप मारली. "वा! ही विभागणी उत्तम आहे. हीच घेतो मी."

म्या रातभर गालातल्या गालात हासत होती. लिवाले लाज वाटते, पन खोटं कायले लिवू.

आखाड वद्य १२

लाल ठिपके थोरल्याचे, हिरवे धाकटीचे, निळे चुलताचे. सावत्रासाठी मास्तर काळी शाई घेऊन बसला हाय, पन सावत्र अजून उगवलाच नाई औंदा. भुरीबाईच्या सात वारुळायवर लाल ठिपके पडले. ती नकाशाकडं पाहे आन् माह्याकडं पाहे. म्हने, "तुळसा, हे माह्या मायनं मले मरताना सांगतले होते."

"पुस्तकात तुह्यंबी नाव घालाले लावीन ना."

"मले नाव काय कराचं वो? मले वारूळ पाहिजे."

तिले समजत नाई. शिकली नाई ना.

ललिता म्हने, "बाई, आजकाल तुमी आरशात पाहून जंगलात जाता."

"तसं नाई गेलं तं टेकोडे रुसतेत."

"टेकोडे रुसतेत का मास्तर?"

तिच्या पाठीत धपाटा घातला. पोरगी बेरकी हाय. माह्याच हाताखाली तयार झाली म्हना.

नागपंचमी

आज भांडन झालं. भांडन म्हनावं का नाई तेबी समजत नाई.

मास्तराची सुट्टी सरली. उद्या सकाळी जऊळक्याहून गाडी. आन् नेमका काल रातच्या पान्यानं बरडावर सावत्र उगवला! थोरलाबी उगवला, वारुळावर, शंभर पावलाच्या अंतरानं. मास्तर लहान लेकरावानी नाचाले लागला. म्हने, दोन्ही आत्ताच्या आत्ता मुळासकट पाहिजेत.

म्या म्हटलं, "आज नाई खनत."

"का?"

"नागपंचमी हाय. आज भुईले काडी नाई लावत, चुलीवर तवाबी नाई ठेवत. आन् हे तं वारूळ हाय मास्तर."

"शास्त्र सणासाठी थांबत नाही, तुळसाबाई."

"सनबी शास्त्रासाठी नाई थांबत."

तो छत्रीचं टोक घेऊन स्वताच खनाले वाकला. भुरीबाईनं त्याचा हात धरला. धरला तो सोडलाच नाई. तो लाल झाला. मंग म्या दोन्ही टेकोडे हातानं पिळून तोडले, वरच्या वर, आन् दोन कागदात ठेवले. म्हटलं, हा सख्खा, हा सावत्र.

त्यानं दोन्ही शेजारी ठेवून पाह्यले. "दोन्ही सारखेच तर आहेत."

"त्याच्या गळ्यात कंठी हाय ना."

"ती वाढल्यावर गळून पडते. हा कोवळा, तो जुना. बाकी फरक काय?"

"याले मुळी नाई."

"नाही कशी? तुम्ही तोडली. खाली राहिली असेल."

"नाई वो. याच्या खाली काईच नसते."

"दाखवा."

आता नसलेलं कसं दाखवू? नसलेलं दाखवालेबी खनावं लागते. म्या म्हटलं एक दिवस थांबा, उद्या खनून देते, पाताळापर्यंत खनते. तो म्हने गाडी हाय. म्हने, पुढच्या वर्षी पाहू. कागद बांधले, त्याच्यावर आकडे घातले, आन् गेला.

जाताना म्हने, "तुळसाबाई, तुमच्याशिवाय हे काम झालं नसतं." दात दाखवून.

भुरीबाई परतीच्या वाटेत एवढंच म्हने, "याले घाई हाय. टेकोड्याले घाई नसते."

दिवाळीचा पाडवा

मास्तर आला! म्हने, अकोल्याले नातेवाइकाकडं आला होता, वाट वाकडी केली. ललितानं अनारसे वाढले. उत्तमराव त्याच्याशी विलायतेच्या गोष्टी करत बसला, जसा काई रोज जाऊन येते.

मंग नकाशा उघडला. बाई वो, काय देखना! काटेपूर्णा निळी वळवळत गेली हाय, टेकड्यायवर बारीक बारीक रेघा, मेडशी, मालेगाव, जऊळका, मानोरा, सारी नावं छापील अक्षरासारखी. आन् ठिपके. जसं कोनी कुंकू शिंपडलं.

बरडावरबी कुंकू होतं.

लाल. थोरल्याचा लाल. काळा ठिपका साऱ्या नकाशावर एकबी नाई. सावत्र गेलाच. त्याले थोरल्यात घालून टाकला.

मले दिसलं. एका नजरेत दिसलं, वहीत लिवून ठेवते.

त्याच टायमाले मास्तरानं खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तथी शिसानं लिवलं होतं, 'साहाय्य: तुळसाबाई किसन ताथोड.'

म्या म्हटलं, "मास्तर, हा बरड..."

"काही चुकलंय का? सांगा. पण परवा छापखान्यात द्यायचंय. एक जरी जात वाढली तर सगळी यादी पुन्हा मांडावी लागेल, पानं वाढतील. मग साहाय्याचं पान काढावं लागेल. तुम्ही म्हणत असाल तर काढतो."

तोंडावर हासू होतं. दटावलं का इचारलं, ते मले अजूनबी समजलं नाई.

म्या अनारशाचा तुकडा मोडला. म्हटलं, "बराबर हाय सारं."

कोन नकाशा पाहून टेकोडे खाते? ज्याइले खाता येते त्याइले नकाशा नाई लागत. ज्याइले नकाशा लागते ते नागपुरात राह्यतेत. काई होत नाई.

तो गेल्यावर ललिता म्हने, "बाई, तुमी गप कायले झाल्या? तुमी आन् गप?"

"अनारसा दातात अडकला."

वैशाख शुद्ध ३, सन १९३८

शाळेत पुस्तक आलं. आन् भिंतीवर लावाले मोठा नकाशा. त्याच्यावर वरच्या अंगाले जाड अक्षरात, 'खाण्यास योग्य रानअळंबी.' मास्तर नाई आला. पोस्टानं आलं सारं.

शाळेच्या गुरुजीनं मले बाकावर बसवून पुस्तक हातात देल्लं. पयल्या पानापासून वाचलं. सख्खा, चुलत, सारं माह्यं हाय त्याच्यात. खाली बारीक अक्षरात, 'ही विभागणी लेखकाने प्रथमच सुचविली आहे.'

साहाय्याचं पान हाय. पानं वाढली नाईत म्हून राह्यलं असंन. कॉलेजच्या मोठ्या साहेबाचं नाव हाय, जंगलच्या साहेबाचं हाय, ज्यानं शाई करून देल्ली त्याचंबी हाय. शेवटच्या ओळीत, 'तसेच काही स्थानिक बायका.'

तीन बार पाह्यलं. मांगून पुढं, पुढून मांगं. पुठ्ठ्याच्या आतबी पाह्यलं, येडी.

घरी ललिता वाट पाहून राह्यली होती. तिले वाचता येत नाई. "हाय का वो बाई? हाय का?"

म्या म्हटलं, "हाय तं! पान सत्तावीस. ठळक अक्षरात."

तिनं लगेच गुळाचा सांजा केला. साऱ्या गल्लीत सांगून आली का तो शाळेतला नकाशा आमच्या बाईनं काढला, बाईचं नाव हाय बुकात. सांजा चांगला झाला होता. म्या दोनदा घेतला.

आखाड, रविवार

जऊळक्याले माहेरी गेल्ली होती दोन दिवस. आज दुपारी आली. अंगनात उत्तमराव डोकं धरून बसलेला. आत ललिता. रातपासून उलट्या, जुलाब. चेहरा चुन्यावानी.

काय खाल्लं तं टेकोडे.

काल शनिवार, उत्तमरावाचा उपास, म्हून तो वाचला. तिनं एकटीनं खाल्ले, कांदा, तिखट टाकून. शेजारनीले देनार होती, पन पुरले नाईत.

"कुठून आनले?"

"बरडावरून," उत्तमराव म्हने. "शाळेत नकाशा पाह्यला वयनी. लाल ठिपका हाय तथी. छापील हाय."

चुलीमागं एक पडला होता न शिजलेला. पालथा करून पाह्यला. पोटाकडून हिरवट पडला होता. गळ्यात कंठी.

मिठाचं पानी पाजलं, ताक पाजलं. उत्तमरावानं वाशिमच्या दवाखान्यासाठी गाडी सांगतली, सकाळी निंगाचं.

सोमवार

ललिता बरी हाय! देवा, बरी हाय.

सकाळी उठून बसली. उलटी नाई, काई नाई. पेज पेली. गाडी दारात जुपून उभी होती. ती म्हने, "आता कायले वो बाई, तीस मैल हाडं खिळखिळी करून घेऊ?" बैलायकडं पाहून उत्तमराव माह्याकडं पाहे. म्याच म्हटलं, सोडा बैल, बरी झाली ते. माह्या तोंडानं सोडले.

दिवसभर तिच्या उशाशी होती. लय बोललो. म्या म्हटलं, "मरत होतीस ना? मले न इचारता खातेस?"

"म्या म्हटलं होतं का बाई येतीन तवा इचारू. हे म्हने, छापील हाय, तिले काय इचारतेस. मंग म्या म्हटलं, खरंच तं हाय. नकाशा तुमीच तं काढला. तुमचं नाव हाय सत्तावीस पानावर. तुमी दाखवलं असंन तं मले कायचं भेव?"

आन् हासली. माह्या हातावर टाळी देल्ली.

म्या तिची येनी घालून देल्ली.

संध्याकाळी भुरीबाई आली. कोनीतरी तांड्यावर सांगतलं असंन. दारातच तिनं इचारलं, "कवा खाल्ले?"

"परवा."

"आज हासली का?"

"हासली ना! सकाळपासून हासून राह्यली. गाडीबी सोडली आमी."

भुरीबाई आत जाऊन ललिताच्या पायथ्याशी बसली आन् तिचे पाय दाबत राह्यली, लय वेळ. जाताना मले म्हने, "आज तिच्याच जोळ झोप." म्या म्हटलं, कायले, आता बरी हाय ते. भुरीबाई अशीच हाय. हासरं मानूस पाह्यलं का तिचं तोंड उतरते.

अमावस

मंगळवारी सकाळी डोये हळदीवानी पिवळे. गाडी पुन्हा जुपली. मालेगावच्या अलीकडं तिनं मले वळखनं सोडलं. आज पहाटे गेली.

एवढंच.

नागपंचमी

घरात सुतक. चुलीवर आज तसाबी तवा नाई.

सकाळी कोनाले न सांगता बरडावर गेली. उगवला होता. सात-आठ होते, पांढरे, गळ्यात कंठी घालून, वरातीले निंगाल्यावानी.

खनलं. खुरप्यानं नाई, हातानं. एक वीत खनलं, दोन वीत खनलं, नखं उलटली. नागपंचमी हाय हे समजत होतं. बाजूले एक बाई सरपन घेऊन चालली होती, ती थांबून पाहाले लागली आन् मंग पळाली.

खाली काईच नव्हतं. नुसती माती.

येवढंच तं दाखवाचं होतं मागल्या वर्षी.

तथून शाळेत गेली. शाळा बंद होती. खिडकीतून भिंतीवरचा नकाशा दिसे. बरडावरचा लाल ठिपका येवढ्या दुरूनबी दिसे. खिडकीले गज हायेत, हात पुरत नाई.

श्रावण वद्य २

भुरीबाईच्या वारुळायवर बाहेरगावचे लोक टोपले घेऊन येऊन राह्यले. नकाशावर हायेत ना सातही. मुळासकट उपटून, वारूळ फोडून नेतेत. ती तांड्याच्या वाटेवर भेटली. म्या थांबली. ती थांबली नाई. नुसती हनुवटीनं टेकडीकडं दाखवून गेली, टेकोडे दाखवतेत तशी.

मले तिच्या तोंडून दोन शिव्या तरी पाहिजे होत्या.

भादवा शुद्ध ९

आज तहसिलातून कारकून आला. ललिता गेली म्हून पाटलानं वर लिवलं होतं, त्याची चौकशी. चावडीवर बोलावलं. उत्तमराव संग आला, पन बाहेरच बसला.

कारकून तरना होता, चष्मा लावलेला. त्याच्या हातात टाइपाचा कागद. नागपूरहून गुलाबराव देशमुखाचं पत्र. त्यानं मोठ्यानं वाचलं.

'सदर ठिकाणाची माहिती लेखकाने स्वतः तपासलेली नसून, ती मेडशी येथील निरक्षर विधवा तुळसाबाई किसन ताथोड हिने दिली. तुळसाबाई किसन ताथोड हिने दोन्ही नमुने मुळाशिवाय तोडून दिल्याने ही चूक उद्भवली. तरी या दुर्दैवी घटनेचा दोष सदर तुळसाबाई किसन ताथोड हिचाच आहे.'

तीन बार नाव होतं. तीनही बार पुरं. किसनबी, ताथोडबी. एक अक्षर चुकलं नाई. याद ठेवली त्यानं, म्हनाचं.

"तूच का तुळसाबाई?" कारकून म्हने.

"हो."

"टेकोडे तूच तोडून देल्ले होते?"

"म्याच देल्ले."

"मुळी काहून नाई देल्ली?"

"नागपंचमी होती."

त्यानं माह्याकडं पाह्यलं, मंग कागदाकडं. 'अज्ञानामुळे' असं लिवलं. मले उलटं दिसत होतं तरी वाचता आलं.

"नकाशा छापाच्या आधी तुले दाखवला होता का त्यानं?"

"दाखवला होता."

"मंग चूक नाई दिसली तुले?"

चावडीत माश्या होत्या. एक कागदावर बसली होती, माह्या नावावर. कारकुनानंच हाकलली. आन् माह्या तोंडून काई निंगाच्या आधी स्वताच म्हने, "तुले कशी दिसंल म्हना. वाचता येत नाई तुले." आन् शाईची डबी पुढं सरकवली. "दे अंगठा."

टाक बाजूलेच होता. उचलला असता. 'तुळसाबाई किसन ताथोड', चौथीत गुरुजी म्हनत माह्यं अक्षर साऱ्या वर्गात सुरेख. सही केली असती तं सारा कागद खोटा झाला असता. मास्तर खोटा पडला असता. पन मंग कारकुनानं चष्मा वर करून इचारलं असतं, वाचता येते, मंग त्या दिवशी काय वाचलं बाई? आन् बाहेर उत्तमराव बसला होता. कान इकडंच होते त्याचे.

म्या अंगठा देल्ला.

कारकुनानं फडका देल्ला पुसाले. निंगत नाई ती शाई. अनारशाच्या तुपानंबी घासून पाह्यला असता, पन औंदा अनारसे कोन करते.

वाटेत उत्तमराव चार पावलं पुढं चालत होता. वढ्यापाशी थांबला. मांगं न पाहाताच इचारलं, "काय इचारलं वयनी त्याइनं?"

"काई नाई भाऊजी," म्या म्हटलं. "माह्यं नाव लिवून घेतलं."